घोंगडीवरचा खो

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मैदानावरच्या विजयांबद्दल लिहायला सांगितलं आहे. विजय होते, नाही असं नाही. त्यांच्या ढाली शाळेच्या कपाटात धूळ खात उभ्या आहेत आणि अहवालांत त्यांच्याबद्दल हवं तेवढं छापून आलेलं आहे. मी जे लिहिणार आहे ते मात्र एकाही अहवालात आलं नाही. एकतीस वर्षं मी मुलींना कवायत, लेझीम आणि खो-खो शिकवला, आणि ज्या गोष्टीनं मला या काळात सगळ्यात जास्त छळलं तिचं नाव मी मैदानावर कधी मोठ्यानं घेतलं नाही. आम्ही शिक्षिका ‘अडचण’ म्हणायचो. मुली ‘बाहेरची’ म्हणायच्या. कुणाच्या घरी कावळा शिवायचा. आता माझं वय झालं, लाज बाळगून कुणाचं भलं होणार आहे? म्हणून सरळ लिहिते: मासिक पाळी. ज्यांना हे चकली-करंजीबरोबर वाचायला नको असेल त्यांनी पान उलटावं, माझा राग नाही.

छप्पन साली आमचा विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. त्यानंतर दोन वर्षांनी मी अमरावतीहून शारीरिक शिक्षणाचं प्रमाणपत्र घेऊन महागावकडच्या एका शाळेत रुजू झाले. राज्य बदललं तरी मुलींच्या कानांना हिंदीच आज्ञा कळायच्या. ‘दाहिने मुड’ म्हटलं की सगळ्या वळत, ‘उजवीकडे वळ’ म्हटलं की एकमेकींची तोंडं बघत. शाळा मुलामुलींची, त्यात मुली मोजून साठ. ड्रिलची बाई म्हणून त्या भागात मीच पहिली. पातळाचा पदर कमरेला खोचून, गळ्यात शिटी अडकवून मी मैदानावर उभी राहिले की बाजाराला निघालेल्या बैलगाड्याही कुंपणापाशी थांबायच्या.

या कामाबद्दल लोकांची समजूत अशी की शिटी फुंकली की पगार चालू. खरं काम शिटीच्या आधी असतं. मैदानातले सराटे वेचणं, चुन्याच्या फक्कीनं बसायच्या पाट्या आखणं, खो-खोचे खांब नीट रोवले आहेत की नाही ते हलवून बघणं, आणि मग समोर उभ्या असलेल्या मुलींकडे बघणं. कोण उपाशी आली आहे, कोण रडून आली आहे, कोणाचा पाय मुरगळला आहे. बघता आलं पाहिजे, हेच या धंद्यातलं कौशल्य. मला ते फार चांगलं येतं असा माझा समज होता.

प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं की अडचणीच्या चार दिवसांत मुलींना पूर्ण विश्रांती द्यावी. पळण्या-उड्या मारण्यानं पोटात आतलं काही सरकतं आणि पुढं बाळंतपणाला जड जातं, असं आमचे गुरुजी सांगायचे. त्यांना कुणी सांगितलं होतं देव जाणे. पण मी नियमाची पक्की. मैदानाच्या कडेला कडुलिंबाचं झाड होतं, त्याखाली मी एक बाक टाकून घेतलं आणि अडचण असलेल्या मुलींनी तिथं बसावं असं ठरवून दिलं. त्याचा परिणाम काय होईल हे माझ्या डोक्यात आलं नाही. मुलांच्या वर्गाच्या खिडक्या बरोबर त्या लिंबाकडे उघडायच्या. आज कोण, उद्या कोण, हे सगळ्या शाळेला कळू लागलं. शाळेचा शिपाई तर मला एकदा म्हणाला, “बाई, आज लिंबाखाली गर्दी हाय.” मी त्याच्यावर खेकसले, बाक मात्र हलवलं नाही.

शकुंतला नावाची एक मुलगी महिन्यातून दोनदा, कधी तीनदा लिंबाखाली बसायची. मी तिला सगळ्यांसमोर विचारलं, “तुझा महिना दहा दिवसांचा आहे का गं?” ती खाली मान घालून म्हणाली, “माहं असंच हाय, बाई.” मुली हसल्या, मीही हसले. सुरुवातीची एक-दोन वर्षं पुष्कळ मुलींचं असं मागं-पुढं होतं, हे मला पुढं दवाखान्यातल्या नर्सबाईंकडून कळलं. तोवर शकुंतलानं शाळा सोडली होती.

पुस्तकातल्या नियमाला पहिला धक्का दिला विमलनं. ही शेतकरी घरातली, कापसाचं मोठं रान असलेली, अंगानं मजबूत मुलगी. एका शेजारच्या शाळेशी आमचा सरावाचा सामना होता, आमची एक खेळाडू ऐन वेळी तापानं पडली. नऊजणी हव्यात, आठच उरल्या. विमल लिंबाखालून उठून आली आणि म्हणाली, “मी उतरते.” मी नाही म्हणायच्या आत ती पाटीत बसलीसुद्धा. त्या दिवशी ती जशी खेळली तशी आधी कधी खेळली नव्हती. नंतर मी तिला बाजूला घेऊन विचारलं, काही त्रास? ती म्हणाली, “कायचा तरास? घरी बसून बसून पाय जड झालते. पळाली तं मोकळं वाटलं.”

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधीच विमलची आई, गंगूबाई, शाळेच्या पायरीवर हजर.

“बाई, माह्या पोरीले इटाळात खेळवलं का तुमी?”

“खेळली. छान खेळली.”

“छान गेलं चुलीत! खो देल्ला न तिनं? पाठीले हात लावून देल्ला न? आठ पोरी, आठ घरं बाटवली तिनं. पोरी तशाच घरात गेल्या, पाणी भरलं, चुलीले शिवल्या. सारं गाव माह्या दारात येऊन राह्यलं.”

ज्यांनी खो-खो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. आठजणी ओळीत बसलेल्या असतात, नववी पळणाऱ्या गड्याचा पाठलाग करते. दमली किंवा दिशा बदलायची असली की बसलेल्या एकीच्या पाठीवर हात मारून ‘खो’ म्हणते, मग ती उठते आणि पळते. म्हणजे हा खेळ शिवाशिवीवरच उभा आहे. जिला शिवायचं नाही तिनं खो द्यायचा कसा? हा प्रश्न खेळाच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता.

प्रकरण मुख्याध्यापकांकडे गेलं. ‘इटाळ’ शब्द कानावर पडल्याबरोबर ते उठून भिंतीवरच्या नकाशात वर्धा नदी शोधायला लागले आणि आमचं बोलणं संपेपर्यंत त्यांना ती सापडली नाही. भांडण माझं आणि गंगूबाईचंच झालं. मी विज्ञान सांगितलं. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ते सारं खरं असन, पण माह्या सासूले कोण सांगन? तुमी येता काय?” बोलता बोलता लक्षात आलं की तिला पोरीचं खेळणं बंद करायचं नव्हतं. विमलनं सामना जिंकून दिला हे कळल्यापासून तिच्या डोळ्यांत एक चमक होती, ती लपत नव्हती. तिला फक्त आठ घरांच्या तोंडाला उत्तर हवं होतं. आणि ते तिनंच शोधून काढलं.

“लोकरीले इटाळ लागत नाई,” ती म्हणाली. “घोंगडं कोणीबी घ्यावं, कोठंबी टाकावं. पोरींच्या पाठीवर घोंगड्याचा तुकडा बांधा. त्याच्यावर खो देऊ द्या. मंग कोण बोलते ते मी पाह्यतो.”

मी माझी स्वतःची घोंगडी कापली. तळहाताएवढे नऊ तुकडे, त्यांना नाड्या, पाठीच्या मधोमध. मला आधी शरम वाटली की शिकलेली बाई असून मी हे काय करते आहे. पण चार दिवसांत गाव गप्प झालं, आणि सासवांनीही मान डोलावली. फक्त एक शंका मला राहिली होती. समोरच्या संघाच्या मुलीला बाद करताना तिच्या अंगाला हात लागणार, तिच्या घरच्या विटाळाचं काय? गंगूबाई म्हणाली, “त्यायचं ते पाहतीन.”

या तुकड्यांचा एक फायदा माझ्या ध्यानीमनी नव्हता. हात तुकड्यावरच पडला पाहिजे म्हणून माझ्या मुलींचा खो अगदी नेमका झाला. घाईत खांद्याला, दंडाला हात मारून चुकीचा खो द्यायचा, ही सगळ्या शाळांची खोड, ती आमच्यातून गेली. तालुक्याच्या सामन्यांत पंचांनी विचारलं, पाठीवर हे काय? मी बेधडक सांगितलं, शाळेचं चिन्ह. त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही ढाल आणली. ढालीवर शाळेचं नाव आहे. खरं तर गंगूबाईचं हवं होतं.

एवढ्यावर थांबले असते तर हा लेख संपादकांना हवा तसाच झाला असता. पण एक टोक सोडलं की मी मधे कुठं टेकत नाही, हा माझा स्वभाव. विमलला त्रास होत नाही, म्हणजे कुणालाच होत नाही. गुरुजी खोटे, पुस्तक खोटं. मी लिंबाखालचं बाक उचलून व्हरांड्यात नेऊन ठेवलं आणि मुलींना सांगितलं की आजपासून अडचण-बिडचण काही नाही. खेळाडूला तीस दिवस सारखे. मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत जमनीची टाळी होती की नाही, मी बघितलं नाही.

जमनी दीड कोसावरच्या बंजारा तांड्यावरून चालत यायची. तिचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरायचे, आता त्यांची कोरडवाहू शेती होती. पहाटे विहिरीवरून पाणी आणायचं, भाकरी टाकायच्या, मग शाळा. अंगानं काडी, पण खांबाला वळसा घालून अशी निसटायची की पाठलाग करणारी खांबाला मिठी मारून उभी राहायची. तिच्या घरी तिला बाजूला बसवत नव्हते. तशी रीतच नव्हती, की कामाला माणूस कमी पडेल म्हणून सोडली होती, ते मी विचारलं नाही. हजेरीपटावर इतर मुलींचे दर महिन्याला खाडे दिसायचे, जमनीचा एकही नाही. मी तिला सर्वांपुढं उभी करून सांगायचे, बघा, हिला म्हणतात खेळाडू.

बासष्टच्या हिवाळ्यात यवतमाळला विभागाच्या संघाची निवड होती. निवडल्या गेलेल्या मुलींची वसतिगृहात राहून मॅट्रिकपर्यंत शिकायची सोय होणार होती. मी जमनीच्या वडिलांना भेटायला गेले. हरसिंग म्हणजे मोजकं बोलणारा माणूस. तो म्हणाला, “बाई, तिचं लगन ठरलं हाय. पण तुमी म्हणता तं थांबतो. पोरगी निवडून आली तं शिकवतो. नाई आली तं वैशाखात लगन. जबान देल्ली हाय, ती मोडता येत नाई.” सौदा सरळ होता. जमनीनं तो दारामागून ऐकला, आणि त्या दिवसापासून ती सरावाला सगळ्यांच्या आधी यायची.

निवड गुरुवारी होती. सोमवारी सकाळी ती माझ्याजवळ आली. तोंड उतरलेलं, ओठ पांढरे. मी मैदान आखत होते, हातात फक्कीचं घमेलं.

“बाई, आज मले लिंबाखाली बसू द्या.”

“काय झालं?”

“तेच.”

“लिंबाखाली बसायचे दिवस गेले, जमनी. तीन दिवसांवर निवड आली आणि तुला आज सुचतं? विमल बघ. जा, पाच चकरा मार, आपोआप बरं वाटेल.”

ती गेली. पाच चकरा मारल्या. मंगळवारी आली ती काहीच बोलली नाही. मला वाटलं, बघा, बरी झाली. संध्याकाळच्या सरावात खांबाला वळसा घालताना तिचे डोळे मिटले. पाय होता तिथंच राहिला आणि अंग वळलं. गुडघ्यातून आलेला आवाज मी दहा हातांवरून ऐकला.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी गुडघा बांधला. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी जमनीची खालची पापणी बोटानं ओढून पाहिली आणि मलाही बघायला सांगितलं. आत पांढरं होतं. “हिच्या अंगात रक्त आहे कुठं?” त्या म्हणाल्या. “दर महिन्याला आठ-आठ दिवस जातंय हिचं. पहिले दोन दिवस उभं राहवत नाही म्हणते. तुम्हाला माहीत नव्हतं?” मला माहीत नव्हतं. जिच्या हजेरीत खाडा नाही ती धडधाकट, असा माझा हिशेब होता. तिला खाडा करायची मुभाच कुठं नव्हती, घरी नाही आणि माझ्याकडेही नाही, हे मी वाचलंच नव्हतं.

गुरुवारी ती यवतमाळला आली. गुडघ्याला पट्टी, त्यावर परकर सारखा करून. मी येऊ नको म्हटलं तर म्हणाली, “एक डाव तं पळू द्या.” अर्ध्या मिनिटात बाद झाली. निवड समितीच्या बाईंनी माझ्याकडे पाहून खांदे उडवले आणि यादीत दुसऱ्या शाळांची नावं लिहिली. परतीच्या मोटारीत जमनी खिडकीशी बसली होती. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं, पण तिनं तेवढीही सोय केली नाही.

पुढं मी सुधारले, असं सगळे म्हणतात. त्यानंतर मी रोज सरावाआधी एकेकीजवळ जाऊन हळूच विचारायचे: पूर्ण, अर्धं, की नुसतं? पूर्ण म्हणजे सगळा सराव, अर्धं म्हणजे हलकं पळणं आणि हातपाय ताणणं, नुसतं म्हणजे गुण मांडायला बसायचं. कारण विचारायचं नाही, हा नियम मी स्वतःला घातला. गुण मांडायला बसणारीला काय झालंय हे कुणाला कळत नसे, कारण मुरगळलेल्या पायाची मुलगीही तिथंच बसायची. या विचारण्यातून मी जे शिकले ते अमरावतीत शिकले नव्हते. एखादी त्या दिवसांतच हरणासारखी पळते. एखादी ते दिवस यायच्या आधी दोन-तीन दिवस चिडचिडी होते, झोप लागत नाही, आणि कालच्या सरावाचा शीण आज उतरत नाही. एखादीचं पोट दुखतं ते हलक्या चालण्यानं थांबतं, आणि एखादीला भिंतीला टेकून बसू दिल्याशिवाय इलाज नसतो. ज्यांचं फार जातं त्यांना गूळ-शेंगदाणे, पालेभाजी आणि नर्सबाईंच्या लोहाच्या गोळ्या; त्यांचा दम दोन-तीन महिन्यांनी वाढलेला मला दिसायचा. आणि ज्या मुलीची पाळी खेळता खेळता महिनोन्‌महिने बंद होते तिला शाबासकी द्यायची नसते, दवाखान्यात न्यायचं असतं. मी डॉक्टर नाही. साठ मुलींची साठ पंचांगं असतात आणि ती जिची तिलाच वाचता येतात, एवढंच मला कळलं.

पण हे सगळं शहाणपण जमनीच्या नंतरचं. तिच्या वाट्याला ते आलं नाही.

चैत्रात मी तांड्यावर गेले. तिच्या आईनं, तिला ती ‘याडी’ म्हणायची, “बेस, बेस” म्हणत घोंगडी अंथरली आणि पाणी आणायला आत गेली. जमनी ओसरीवर पाय लांब करून बसली होती. गुडघा अजून पुरता वाकत नव्हता. मांडीवर लग्नाची चोळी, तिच्यावर ती आरसे टाकत होती. मी वाटेत बरंच काही जुळवून नेलं होतं, पण तिथं गेल्यावर दोनच शब्द निघाले.

“माझं चुकलं.”

ती टाके घालत राहिली. मग वर न बघताच तिनं विचारलं, “बाई, तुमाले नाई दुखत कधी?”

मला हे कुणीच कधी विचारलं नव्हतं. आईनंसुद्धा नाही.

“दुखतं,” मी म्हणाले. “फार दुखतं गं. पहिल्या दिवशी तर डोळ्यांपुढं अंधारी येते. तेव्हा मी शिटी दातांत घट्ट धरून उभी राहते. मला उभं राहता येतं, म्हणून मला वाटायचं सगळ्यांना येईल.”

जमनीची सुई थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

“मले वाटलं, माह्यंच आंग खोटं हाय,” ती म्हणाली. “तुमी सोमवारी येवढं सांगतलं असतं न बाई, तं मंगळवारी मी पुना इचाराले आली असती.”

आतून तिची आई पाणी घेऊन आली. जमनीनं खाली मान घातली आणि पुढचा आरसा उचलला. लग्नाला अठरा दिवस राहिले होते.